तोडीवर वाढणारं पीक

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा मुंबईहून हिर्डोशीला आला तो नवी बॅट घेऊनच. बॅटच्या पाठीवर 'काश्मीर विलो' असं छापलेलं स्टिकर होतं. कापणी झालेल्या खाचरात दुपारभर खेळून झालं, आणि ओढ्यावर हातपाय धुताना त्याने विचारलं, "मामा, विलो म्हणजे कसलं झाड असतं?" मी पाण्यावर वाकलेली एक फांदी ओढून त्याच्या हातात दिली. म्हटलं, "हे बघ. तुझ्या बॅटचं चुलत भावंड. आपण याला वाळुंज म्हणतो."

त्याला ते खरं वाटेना. बॅट गोरी, गुळगुळीत. आणि हे झाड खरखरीत काळपट सालीचं, वाकडं, गेल्या पुरात अडकलेला पालापाचोळा अजून खांद्यावर घेऊन उभं. पण नातं खरं आहे. जगभर ज्याला विलो म्हणतात त्या घराण्याची जी शाखा आपल्याकडे सह्याद्रीच्या ओढ्याकाठी राहिली, ती वाळुंज. अरुंद लांब पान, पानाची खालची बाजू फिकी, पाय कायम ओलाव्यात. पावसाळा सरता सरता पानं झडतात, आणि मग कोवळ्या पालवीबरोबर बोटभर लांबीचे मऊ तुरे लोंबू लागतात. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. मादीच्या झाडाचं बी कापसाच्या धाग्यावर बसून उडतं, पण त्याचा जीव जेमतेम काही दिवसांचा. तेवढ्यात ओली रेती मिळाली तर रुजायचं, नाहीतर संपलं. म्हणून वाळुंज कुणी बियांनी लावत नाही. हिरवी फांदी ओल्या मातीत ठोकली की तीच मुळं धरते.

गावातले एक काका लष्करात होते, लेहला काही वर्षं काढलेली. ते सांगायचे, "तिथं वाळुंज मुद्दाम लावत्यात रं. आपल्यावानी आपसूक येत न्हाय." त्या थंड वाळवंटात पाटाच्या कडेने शेतकरी विलोच्या मेखा रोवतात, बकऱ्या पोहोचणार नाहीत इतक्या उंचीवर खोडाचं डोकं राखतात आणि काही वर्षांच्या अंतराने फांद्या छाटत राहतात. पाला जनावरांना, फांद्या सरपणाला. घराचं छप्पर करताना पॉप्लरच्या तुळयांवर विलोच्या काड्या अंथरायच्या आणि वर माती लिंपायची. काश्मीरमध्ये फिरनच्या आत धरायची ती निखाऱ्यांची कांगडी, तिची वीणही बहुतेक याच काड्यांची. काकांच्या बोलण्यातली एक गोष्ट माझ्या मनात राहिली: तिथे त्या झाडाची छाटणी थांबली की ते म्हातारं होतं, आणि छाटत राहिलं की पिढ्यान्‌पिढ्या तरुण राहतं.

हे मी अगदी वेगळ्या झाडाबद्दल आधी ऐकलं होतं, आमच्या आबांकडून. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

आमचं खोरं नीरेचं. ही नदी वर शिरगावला उगम पावते आणि आमच्या अंगाने खाली देवघरकडे जाते. बाजीप्रभू देशपांड्यांमुळे महाराष्ट्राला माहीत असलेलं हिर्डस मावळ ते हेच. हिर्डोशी, निगुडघर अशी गावांची नावं ऐकली की कानाला आधी हिरडा आणि निरगुडीच ऐकू येते. माझ्या लहानपणी नदीच्या दोन्ही काठांनी वाळुंजाच्या रांगा होत्या. आज्जी शेळ्यांसाठी पाला काढायची, त्याच्या लवचीक काड्यांची परडी वळायची, आणि कुणाला ताप भरला की साल उकळायला ठेवायची. ती साल जगात सगळीकडेच लोकांनी चघळली आहे. एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्रज पाद्रीने १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला पत्र लिहून विलोच्या सालीचा तापावरचा गुण कळवला, १८२८ मध्ये जर्मनीत त्या सालीतून सॅलिसिन वेगळं काढलं गेलं, आणि १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी जे रसायन शुद्ध रूपात बनवलं ते पुढे अ‍ॅस्पिरिन म्हणून घरोघरी पोचलं. आज्जीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला काढ्याचा कडूपणा ठाऊक होता, आणि तो घशाखाली कसा उतरवायचा तेही.

मग नीरा-देवघर धरण झालं. सुमारे ११.७ टीएमसी उपयुक्त साठ्याचं पाणी खोऱ्यात चढलं आणि काठची वाळुंजं बुडाली. पाण्यात पाय सोडून उभं राहणारं झाड, पण वर्षाचे कित्येक महिने डोक्यावरून पाणी गेल्यावर कोण जगेल? उन्हाळ्यात धरण उतरलं की चिखलात काही काळी खोडं अजून दिसतात. जी वाचली ती वरच्या ओढ्यांवर, आमच्या शेताच्या कडेला.

पण आमचं घर वाळुंजावर कधी चाललं नाही. ते चाललं भातावर आणि मेसावर.

मेस म्हणजे कोकणात ज्याला माणगा म्हणतात तो बांबू. बिनकाट्याचा, सरळ, बुंध्याकडे जवळजवळ भरीव. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरकडेला (वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं) घराच्या परड्यात किंवा वरकस जमिनीच्या कडेला मेसाचं एखादं बेट नाही असं घर शोधावं लागतं. कळकाची बेटंही आहेत, पण कळक काटेरी. त्याच्या अंगाला माणूस लवकर जात नाही. चिवा बारीक. मेस मात्र घरातला.

आमच्या घरात काय काय मेसाचं होतं ते आठवायला बसलो की कुठून सुरुवात करावी कळत नाही. कौलाखालचे वासे. भात साठवायची कणगी, आतून बाहेरून शेणमातीने सारवलेली. सूप, रोवळी, पाटी, कोंबड्यांचं डालगं. लावणीच्या दिवसांत बायकांच्या पाठीवरचं इरलं, ज्याच्या कामट्यांच्या जाळीत पानं दाबून बसवलेली असत. त्यात वाकून आवण लावणारी बाई लांबून कासवासारखी दिसायची. पाडव्याला गुढीची काठी बेटातूनच यायची, तीही शेंड्यासकट, न खरवडलेली. लग्नाचा मांडव मेसाचा. आणि माणूस गेला की तिरडीही. म्हणून बांबू चुलीत घालत नाहीत, वंश बुडतो म्हणतात. संस्कृतात बांबूला वंशच म्हणतात, हे मला शाळेत कळलं तेव्हा आमच्या आईचा तो धाक एकदम वेगळा वाटायला लागला.

आषाढात कोंब वर यायला लागले की वास्ता. टरफलं काढायची, पांढरा गर बारीक चिरायचा, रात्रभर पाण्यात घालायचा, सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, मग उकळायचा आणि तेही पाणी टाकायचं. यातली एकही पायरी गाळायची नाही, कारण कच्च्या कोंबात विष असतं. मग हरभऱ्याची डाळ किंवा वाल घालून भाजी. आई प्रत्येक बेटातून दोन-तीनच कोंब घ्यायची. "बाकीचे वर्साला काठ्या व्हायच्यात," म्हणायची. तिच्या हातून एखादा जास्त गेलेला मी पाहिला नाही.

मी बारावीनंतर शिरवळला एका कारखान्यात लागलो आणि सोळा वर्षं तिथेच राहिलो. शेत आबा बघायचे. ते थकले, तेव्हा बेटांची तोड मी एका ठेकेदाराला उक्ती दिली. पैसे रोख, आपल्याला काही बघायला नको. त्याची माणसं दोन दिवसांत आली आणि गेली. मी सुट्टीला घरी गेलो तर आबा बेटाजवळ बसलेले. ते मला रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "कडंची समदी नेली. मधली ठेवली."

त्या दोन वाक्यांत काय होतं ते समजायला मला तीन पावसाळे लागले.

बेटाचा नवा कोंब बाहेरच्या अंगाला येतो. जमिनीखालचा कंद दरवर्षी जरा पुढे सरकतो आणि नवी काठी कडेला उभी करतो. म्हणजे कडेला कोवळ्या, मध्ये जुन्या. तोडणाऱ्याच्या कोयत्याला कडेच्या काठ्या सोप्या; मधल्यांपर्यंत पोचायला अंग खरचटून घ्यावं लागतं. सोपं तोडलं की बेटाची कोवळी बाजू जाते आणि मध्ये म्हाताऱ्या काठ्यांची दाटी राहते. त्या एकमेकींत अडकतात, वाळतात, उजेड आत शिरत नाही. पुढच्या पावसात कोंब येतात ते बारीक. आमच्या त्या बेटात पहिल्या वर्षी मनगटाएवढ्या काठ्यांच्या जागी अंगठ्याएवढ्या आल्या. बांबूचं एक वैशिष्ट्य असं की कोंब जेवढा जाड जमिनीतून निघतो तेवढाच तो जन्मभर राहतो. दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो, पण त्याची जाडी पुढे वाढत नाही. आंबा बारीक लागला तर पुढे जाड होतो. मेस बारीक आला की बारीकच. ते बेट सुधारायचं तर कंद सुधारायला हवा, आणि कंद सुधारतो तो योग्य तोडीने.

मी नोकरी सोडून परत आलो ते २०१८ मध्ये. त्याच्या आदल्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने वटहुकूम काढून, वनाबाहेरच्या जमिनीतला बांबू १९२७ च्या भारतीय वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला होता. आपल्या बांधावरचा बांबू तोडून नेण्याबद्दल माणसाच्या मनात जी एक भीती असायची ती कमी झाली. पुढे अटल बांबू समृद्धी योजना आली, सवलतीत टिश्यूकल्चरची रोपं मिळू लागली. सगळीकडे बांबूची भाषणं ऐकू येऊ लागली. मला त्याचं मनापासून बरं वाटतं. फक्त एक सांगावंसं वाटतं: रोप लावणं हे बांबूच्या शेतीतलं सगळ्यात सोपं काम आहे. खरी शेती चौथ्या-पाचव्या वर्षी सुरू होते, पहिल्या तोडीला.

ती तोड मी आबांच्या हाताखाली शिकलो. ते बेटाबाहेर दगडावर बसायचे, मी आत. पहिल्या वर्षाची काठी हिरवीगार, अंगावर पांढरी भुकटी, पेऱ्यांना टरफलं चिकटलेली. तिला हात लावायचा नाही, कारण पुढच्या कोंबांना तीच पोसते. दुसऱ्या वर्षाची टरफलं गळालेली, पण अंग अजून स्वच्छ. तिसऱ्या वर्षापासून काठीवर दगडफुलासारखे राखाडी ठिपके धरायला लागतात, रंग पिवळसर होतो, कोयत्याची पाठ मारली की आवाज टणक येतो. ती तोडायची. जमिनीलगत, पण पेऱ्याच्या लगेच वर, नाहीतर उरलेल्या नळीत पावसाचं पाणी साचून कंद कुजतो. आणि एकाच बाजूने आत वाट करत जायचं, घोड्याच्या नालेसारखं बेट उघडायचं. आबा दगडावरून बोट दाखवायचे: "ती न्हाय. तिच्या मागची. आवाज बघ तिचा." मी आवाज बघायचो.

पावसाळ्यात कोयता बेटाला लावायचाच नाही, कोंब मोडतात. तोड दसऱ्यानंतर, थंडीत. तीही आबा वद्य पक्षात, अमावस्येच्या अलीकडे धरायचे. चंद्राचं मला सांगता येत नाही. पण किडीचं कारण खरं आहे: बांबू पोखरणारा भुंगा येतो तो काठीतल्या पिठूळ साखरेसाठी, आणि थंडीत काठी पक्की झालेली असते. तोडल्यावर मोळ्या ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून काही आठवडे ठेवायच्या, म्हणजे उरलेलं पीठही पाण्यात उतरतं. त्या पाण्याला वास येतो, आंबूस. मला तो वास आवडतो. घरात कुणालाच आवडत नाही.

गिऱ्हाईक बदललं आहे. पूर्वी भोरचे बुरूड घरी येऊन काठ्या निवडून न्यायचे. पुण्याच्या बुरूड आळीपर्यंत आमच्या खोऱ्यातला माल जायचा. सूप-टोपल्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली, परांचीची जागा लोखंडी पाइपांनी. आता काठ्या जातात त्या टोमॅटोच्या मांडवाला, भाजीच्या वेलांना, गणपतीच्या मंडपांना. भोरला एक वयस्कर बुरूडमामा आहेत, ते मात्र अजून येतात. ते काठी उचलत नाहीत. आधी तिच्यावरून तळहात फिरवतात, मग पेऱ्यांतलं अंतर बोटांनी मोजतात. सुपाला लांब पेऱ्याची, दोन वर्षांची, जरा ओली काठी लागते. म्हणजे त्यांच्यासाठी माझा तिसऱ्या वर्षाचा नियम मोडावा लागतो. मी मोडतो. वर्षाला दहा-पंधरा काठ्यांचा प्रश्न असतो, आणि त्यांचं सूप हातात घेतलं की कळतं की त्या काठीचं याहून चांगलं काही होऊ शकलं नसतं.

२०२१ च्या जुलैचा पाऊस आमच्या खोऱ्यात कुणी विसरणार नाही. २२ तारखेला घाटापलीकडे महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. वरंध घाटाचा रस्ता जागोजागी तुटला. आमच्याकडे माणसं वाचली, पण ओढ्याने पात्र सोडलं आणि खालची दोन खाचरं बांधासकट गेली. पाणी ओसरल्यावर मी काठाने चालत गेलो. जिथे मेसाचं बेट होतं तिथे बांध उभा होता, कंदाची जाळी बाहेर पडलेली पण माती धरून. त्याच्या खाली जिथे दोन जुनी वाळुंजं होती तिथेही काठ शाबूत. झाडं पार आडवी झाली होती, मुळं सुटली नव्हती. मधला मोकळा पट्टा मात्र कापून नेल्यासारखा. बांबूने डोंगर थांबतो असं मी म्हणणार नाही, तळियेनंतर तर कुणीच म्हणू नये. पण बांध थांबतो, ओढ्याचा काठ थांबतो. हे मी पायाखाली पाहिलं.

पुढच्या जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर आम्ही कामाला लागलो. मेसाला बी धरत नाही, म्हणून एक-दोन वर्षांची काठी कंदासकट खणून, वर दोन-तीन हात ठेवून तिरकी छाटायची आणि लावायची. खणताना कंदाचा डोळा दुखावला की ती काठी वर्षभर हिरवी दिसते, आणि कोंब देत नाही. चाळीस कंद लावले, बांधाच्या बाहेरच्या अंगाला, खाचरावर सावली पडणार नाही असं बघून. रानडुकरांनी आणि साळिंदरांनी नऊ उकरले. आणि तुटलेल्या काठावर वाळुंजाच्या मनगटाएवढ्या हिरव्या मेखा, हात-हात अंतरावर, दोन रांगांत ठोकल्या. मेखांमधून मेसाच्या चिंबवलेल्या कामट्या विणल्या, कुडासारख्या. आबांनी हे पूर्वी कधी केलं नव्हतं, मीही नाही. लेहच्या काकांनी सांगितलेलं आणि आज्जीच्या परडीची वीण, यांची सांगड मनात बसली, इतकंच. कामट्या दोन पावसाळ्यांत कुजणार हे माहीत होतं. तोवर मुळांनी धरावं एवढीच अपेक्षा होती.

पहिल्या पुरात वरची रांग गेली. खालची राहिली. कामट्यांच्या मागे गाळ बसला, गाळात मेखा फुटल्या. दुसऱ्या वर्षी गेलेली रांग पुन्हा ठोकली, या वेळी खालच्या रांगेच्याच छाटलेल्या फांद्यांनी. आता तिथे माणसाच्या उंचीची दाट झाडी आहे. थंडीत तुरे आले की मधमाश्या येतात, आणि केशरी पंखांवर काळे ठिपके असलेली फुलपाखरं कोवळ्या पानांवर अंडी घालतात. शेळ्यांना पाला मिळतो. बुरूडमामांना मी काड्यांचा एक जुडगा दिला होता. त्यांनी सालीसकट एक परडी वळून पाठवली आणि निरोप दिला की काडी गुणाची आहे, पण छाटणी दरवर्षी एकाच वेळी करा, म्हणजे सारख्या लांबीच्या मिळतील. म्हणजे इथेही तेच. दरवर्षी छाटा.

आबा गेल्या वर्षी गेले. तिरडीसाठी मी त्या जुन्या, बिघडून सुधारलेल्या बेटातून काठ्या काढल्या, मधल्या, ठिपके धरलेल्या. भावकीतला एकजण कडेची सरळ हिरवी काठी तोडायला निघाला होता. त्याला मी थांबवलं. अशा वेळी कोण काठीचं वय बघतं, असं त्याला वाटलं असावं. तो काही बोलला नाही.

यंदाची तोड अजून व्हायची आहे. भाचा येणार आहे, आता तो बराच उंच झालाय. मी तिसऱ्या वर्षाच्या काठ्यांवर चुन्याचं बोट ओढून ठेवलं आहे. तो दगडावर बसेल की आत शिरेल, ते बघू. बेट मागच्या बाजूने अजून दाट आहे, आणि तिथली एक काठी मला नक्की कळत नाहीये, दोन वर्षांची की तीन. तिला अजून चुना लावलेला नाही.